डावीकडून तिसरी

हेडमास्तरांनी कारकूनबाईंना खोलीत बोलावून दार लोटून घेतलं, तेव्हाच बाईंनी ओळखलं की कुणाचा तरी बाक बदलणार.

या शाळेत बाक बदलणं साधी गोष्ट नव्हती. प्रत्येक वर्गात दोन पंखे होते. एक फिरायचा आणि दुसरा नुसता कुरकुरायचा. फिरणाऱ्या पंख्याखाली कोण बसणार ते हेडमास्तर स्वतः ठरवायचे, आणि तेही मुलाकडे बघून नव्हे, त्याच्या बापाकडे बघून. वीज खात्यातल्या इंजिनिअरचा मुलगा तीन वर्षं पंख्याखाली होता. पाणी खात्यातल्या साहेबांची मुलगीही होती, पण साहेबांचं खातं बदललं आणि त्याच आठवड्यात ती भिंतीकडे सरकली. नव्या साहेबांना मूलबाळ नाही हे कळल्यावर हेडमास्तर दोन दिवस हळहळत होते.

"बाई," आवाज उतरवून हेडमास्तर म्हणाले, "नव्या शिक्षणाधिकारी मॅडमची मुलगी आपल्या शाळेत आहे म्हणे. सातवीत. आणि आपल्याला पत्ताच नाही."

"मला आहे, सर. प्रवेशाच्या फॉर्मवर आईचा हुद्दा लिहिलाय."

"मग बोलला नाहीत ते?"

"फॉर्मवरच खाली लिहिलं होतं, कृपया कुणाला सांगू नये."

"कुणाला म्हणजे मला नव्हे हो."

हेडमास्तर चार महिन्यांनी निवृत्त व्हायचे होते. दोन वर्षांच्या मुदतवाढीचा अर्ज या मॅडमच्या टेबलावर होता. बाईंची नोकरी कायम करायचं पत्र अकरा महिने हेडमास्तरांच्या खणात सहीवाचून पडलं होतं. तेव्हा बाईंनी फार ताणलं नाही.

"उद्या प्रार्थनेला बघा, सर. सातवीची पुढची ओळ. डावीकडून तिसरी. चष्मा आणि दोन वेण्या."

चूक झाली ती इथे. बाई रोज ऑफिसच्या खिडकीतून प्रार्थना बघायच्या, म्हणजे मुलांच्या पाठीमागून. हेडमास्तर उभे असायचे समोर, ओट्यावर. बाईंचं डावं ते हेडमास्तरांचं उजवं. आता दुसऱ्या टोकाकडून तिसरी एखादी बिनचष्म्याची मुलगी असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तिथेही चष्मा होता आणि नियमाप्रमाणे दोन वेण्याही होत्या. ती शाळेच्या फाटकासमोर छत्रीखाली बसून किल्ल्या करणाऱ्याची मुलगी होती. पहिलीपासून ती याच शाळेत होती, पण हेडमास्तरांना ती नवीनच वाटली, कारण सात वर्षांत त्यांनी तिच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

दुपारच्या आत ती फिरणाऱ्या पंख्याखाली आली आणि इंजिनिअरचा मुलगा कुरकुरणाऱ्या पंख्याखाली गेला. दुसऱ्या दिवशी ती मॉनिटर झाली. शिक्षक चकित झाले, पण विचारणार कोण? हेडमास्तर नुसते डोळा बारीक करून "त्या मुलीकडे जरा लक्ष असू द्या, काय ते समजा" एवढंच म्हणत. शिक्षकांना वाटलं, निवृत्ती जवळ आली की माणसाला उपरती होते.

बाईंना घोटाळा कळला तो तिसऱ्या दिवशी. हेडमास्तर त्यांना खिडकीशी घेऊन गेले आणि अंगणातल्या मुलीकडे कौतुकानं बोट दाखवलं.

"चालण्यातच दिसतं बघा, साहेबाचं रक्त."

बाईंनी त्या बोटाच्या दिशेनं पाहिलं. "सर, ती नव्हे. मी म्हटलं होतं डावीकडून..."

"डावीकडूनच मोजली मी. तीस वर्षं मुलं मोजतोय, बाई. तुम्ही मला डावंउजवं शिकवणार?"

खणातलं पत्र बाईंच्या डोळ्यांपुढे आलं. त्या गप्प बसल्या.

पण गप्प बसून भागेना, कारण खरी डावीकडून तिसरी रोज उशिरा येऊन चालू प्रार्थनेत ओळीत शिरत होती. चार मिनिटं, पाच मिनिटं. पाचव्या दिवशी हेडमास्तरांनी तिला स्वतः फाटकात गाठलं.

"रोज उशीर? तुझे वडील कुठले मोठे साहेब लागून गेलेत का?"

"नाही, सर," मुलगी खरं तेच म्हणाली. "वडील घरी असतात."

"तरीच. व्हरांड्यात उभी राहा. पहिले दोन तास."

मग हे रोजचंच झालं. बाईंचं कामात लक्ष लागेना. एके दिवशी मधल्या सुट्टीआधी त्या पाणी प्यायच्या निमित्तानं व्हरांड्यात गेल्या. मुलगी खांबाला टेकून उभी होती. शेजारी उशिरा आलेल्या आणखी दोघी होत्या आणि तिघी मिळून कसल्याशा गोष्टीवर तोंड दाबून हसत होत्या. बाईंनी तिला बाजूला घेतलं.

"अगं, आईला सांगितलंस का हे?"

"नाही. तुम्ही पण सांगू नका."

"का गं? मी सरांशी बोलते, तुला आत बसवतील."

"नको, बाई." मुलगी घाबरलीच. "आधीच्या शाळेत मला कुणी काही बोलायचं नाही. खेळताना आउट झाले तरी आउट द्यायचे नाहीत. मग मुली म्हणायच्या, हिला घेऊच नका. इथं मला काल दोनदा आउट दिलं."

हे तिनं अशा अभिमानानं सांगितलं की बाईंनी सरांशी बोलायचा विचार सोडला. आता सांगायचं तरी कुणाला आणि कशासाठी? एकीला पंखा मिळाला होता, दुसरीला मैत्रिणी मिळाल्या होत्या. बाईंनी ठरवलं, आपण बघत राहायचं.

एवढ्यात आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा आली. गेली तीन वर्षं शाळेकडून इंजिनिअरचा मुलगा जायचा, अर्धं भाषण दणक्यात करायचा, उरलेलं अर्धं विसरायचा आणि हसतमुखानं खाली यायचा. या वर्षी हेडमास्तरांनी, नावगाव न विचारता, "ती चष्मेवाली मॉनिटर जाईल" म्हणून किल्लीवाल्याच्या मुलीला निवडलं. भाषेच्या बाई काकुळतीला आल्या.

"सर, तिचा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नाही."

"पोचवा. तुम्हाला पगार कशाचा मिळतो?"

भाषेच्या बाईंनी पोचवला. पंधरा दिवस शाळा सुटल्यावर मैदानाच्या एका टोकाला मुलगी आणि दुसऱ्या टोकाला त्या. सुरुवातीला "ऐकू येत नाही" एवढंच ऐकू यायचं. दहाव्या दिवशी मुलीचा आवाज ऑफिसात कारकूनबाईंना खिडकी लावूनही ऐकू आला. आणि मग कळलं की सात वर्षं गप्प बसलेल्या त्या पोरीकडे बोलायला पुष्कळ होतं.

स्पर्धेचं पत्र घरी गेलं तसा किल्लीवाला भीतभीत शाळेत आला. शाळेनं घरी पत्र पाठवलं म्हणजे काहीतरी वाईटच, अशी त्याची समजूत. तो हेडमास्तरांच्या दारात उभा राहिला. हेडमास्तरांनी त्याच्या हातातली पिशवी पाहिली.

"आलात? बरं झालं. हे कपाट दोन दिवस अडकलंय."

किल्लीवाल्यानं मुकाट्यानं पिशवी उघडली. कुलपात तार फिरवता फिरवता म्हणाला, "साहेब, जरा पोरीबद्दल विचारायचं होतं."

"कुणाच्या?"

"माझ्या. इथंच आहे, सातवीत."

"असेल असेल. पुष्कळ मुलं आहेत हो इथं." हेडमास्तर खुर्चीत रेलले. "अभ्यास करते का? सातवीत एक चष्मेवाली मुलगी आहे आमच्याकडे. काय तिचं बोलणं, काय तिचं वागणं. तुमच्या मुलीला सांगा, तिच्याकडून चार गोष्टी शीक. अर्थात ते रक्तातच असावं लागतं म्हणा."

कपाट उघडलं. किल्लीवाला बाहेर आला आणि ऑफिसच्या खिडकीशी थांबला.

"बाई, सर म्हणाले सातवीत एक फार हुशार चष्मेवाली आहे. तिच्याकडून आमच्या पोरीला शिकायला सांगा म्हणाले. कोण हो ती?"

"तुमचीच," बाई म्हणाल्या.

किल्लीवाल्यानं हातातली पिशवी पुन्हा उघडली. मग तो ऑफिसच्या दाराचं ढिलं झालेलं कुलूपही नीट करून गेला.

मुलगी स्पर्धेत पहिली आली. हेडमास्तरांना त्यात नवल वाटलं नाही. परीक्षकांनाही मॅडमकडेच कामं असणार, असा त्यांचा हिशोब. पण इंजिनिअरचं डोकं फिरलं. तो तावातावानं आला.

"माझ्या मुलाला डावलून तुम्ही एकाच मुलीला सगळं देताय. हा सरळसरळ पक्षपात आहे."

पंख्याखाली तीन वर्षं बसलेल्या मुलाच्या बापाच्या तोंडी हा शब्द ऐकून बाईंना ठसका लागला. हेडमास्तर मात्र शांत होते.

"आमच्याकडे सगळी मुलं सारखी," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच हे वाक्य उच्चारत असल्यामुळे ते जरा अडखळले.

"मी वर तक्रार करीन."

"अवश्य करा. शिक्षणाधिकाऱ्यांकडेच करा." हेडमास्तरांनी उलट त्याला पत्ता लिहून दिला.

आठ दिवसांनी मॅडम स्वतः चौकशीला आल्या. हेडमास्तरांना तर सोन्याहून पिवळं. मुलीचं कौतुक ऐकायला आई येणार, त्यात तक्रारीचं निमित्त म्हणजे देवच पावला. त्यांनी सकाळी नवा शर्ट घातला, व्हरांडा धुऊन घेतला आणि उशिरा आलेल्या तिघींना धुतलेल्या भागापासून लांब उभं केलं.

मॅडम बोलायला मोजक्या होत्या. कपात ओतलेल्या चहाला त्यांनी हात लावला नाही. बाई टिपणं घ्यायला कोपऱ्यात बसल्या होत्या आणि त्यांच्या पेनाला घाम फुटला होता.

"सातवीतल्या एका मुलीवर तुमची खास मर्जी आहे असं लिहिलंय. बाक बदलला, मॉनिटर केलं, स्पर्धेला पाठवलं. खरं का?"

"अगदी खरं, मॅडम," हेडमास्तर प्रसन्नपणे म्हणाले.

मॅडमनी मान वर केली. चौकशीत असं उत्तर त्यांना कुणी दिलं नव्हतं. "कारण?"

"गुण, मॅडम. आता गुण कुठून आले ते मी तुम्हाला काय सांगायचं."

"बोलवा तिला."

मुलगी आली. हेडमास्तरांनी उठून स्वतःच्या हातानं खुर्ची ओढली. "ये बाळ, बस. घाबरायचं नाही, आपलीच माणसं आहेत."

"नाव काय तुझं?" मॅडमनी विचारलं.

हेडमास्तर खुदकन हसले. काय ही शिस्त, पोटच्या पोरीलाही नाव विचारतात. मुलीनं नाव सांगितलं. आडनाव मॅडमचं नाही हे ऐकून हेडमास्तरांचं हसू किंचित अडकलं, पण अजून उतरलं नव्हतं.

"वडील काय करतात?"

"किल्ल्या करतात," मुलगी खणखणीत आवाजात म्हणाली. आवाज आता शाळाभर पोचत होता. "फाटकासमोर."

हेडमास्तरांच्या चेहऱ्यावरचं हसू कुणीतरी विसरून गेलेल्या छत्रीसारखं तसंच राहिलं. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी वहीत पाहिलं.

मॅडमनी मुलीला शाबासकी देऊन परत पाठवलं आणि बाईंकडे वळल्या. "सरांचं आणि या किल्लीवाल्यांचं काही नातं?"

"नाही, मॅडम."

"काही ओळख? काही काम अडलंय त्यांच्याकडे?"

"सर त्यांच्याशी एकदाच बोललेत, मॅडम. आणि ते कोणाचे वडील, हेही तेव्हा सरांना माहीत नव्हतं."

यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. मॅडम काही वेळ लिहीत राहिल्या. मग उठल्या. "माझीही मुलगी याच शाळेत आहे. तुम्हाला माहीत नसेल. जाता जाता तिला भेटते."

"कुठल्या... कुठल्या वर्गात?" हेडमास्तरांनी विचारलं.

उत्तर द्यायची गरज पडली नाही. व्हरांड्याच्या टोकाला तिघी उभ्या होत्या आणि त्यातल्या मधलीनं ओळखीचं हसून हात हलवला. हेडमास्तरांना मुदतवाढ दिसेनाशी झाली. निरोपसमारंभाचा हार तेवढा दिसू लागला.

"काय केलंस?" मॅडमनी मुलीला विचारलं.

"उशीर झाला."

"किती?"

"चार मिनिटं. रोजच होतो."

"आणि रोज उभं करतात?"

"हो."

मॅडम हेडमास्तरांकडे वळल्या. त्यांचा आवाज थोडा जड झाला होता. "तीन शाळा झाल्या, सर. हिला कुणी एक शब्द बोललं नाही. उशिरा आली की खुर्ची आणून द्यायचे. मी रोज सांगते, वेळेवर ऊठ, पण घरी कोण ऐकतं. तुम्ही पहिलेच." त्या थांबल्या. "किल्लीवाल्याची मुलगी पंख्याखाली आणि अधिकाऱ्याची व्हरांड्यात. अशी शाळा मी पाहिली नाही."

हेडमास्तरांनी तोंड उघडलं, पण देवाच्या कृपेनं त्यातून काही बाहेर पडलं नाही. मॅडमना तो विनय वाटला.

तक्रार निकालात निघाली. पुढच्या सोमवारी मुदतवाढ आली आणि सोबत एक पत्र आलं. जिल्ह्यातल्या सगळ्या मुख्याध्यापकांपुढे 'निःपक्षपाती शाळा' या विषयावर हेडमास्तरांनी दोन तास बोलावं, अशी मॅडमची इच्छा होती. त्याच संध्याकाळी बाईंच्या टेबलावर त्यांचं कायम नोकरीचं पत्र सहीसकट येऊन पडलं. बाईंनी मागितलंही नव्हतं. हेडमास्तर फक्त एवढंच म्हणाले, "बाई, झालं ते आपल्यातच."

दुसऱ्या दिवसापासून मात्र त्यांची मूळ प्रकृती उसळून आली. आता खरी मुलगी सापडली होती. त्यांनी तिला मधल्या सुट्टीत खोलीत बोलावलं, बिस्किटांचा डबा पुढे सरकवला आणि पंख्याखालचा बाक देऊ केला. पाच मिनिटांनी मुलगी बाहेर आली. बिस्किटं तिच्या हातात नव्हती. तिच्या मागोमाग हेडमास्तर आले, ते घाम पुसत.

"काय म्हणाली, सर?" बाईंनी विचारलं.

"म्हणाली, मला वेगळं वागवलंत तर आईला सांगेन."

बाईंनी हसू गिळलं. हेडमास्तर बराच वेळ व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिले. मग त्यांनी बाईंना खोलीत बोलावून दार लोटून घेतलं.

"बाई, सूचना काढा. उद्यापासून दर आठवड्याला चिठ्ठ्या टाकून बाक ठरतील. मॉनिटर मुलं निवडतील. स्पर्धेसाठी सगळ्यांची चाचणी. कुणालाही वेगळं वागवायचं नाही."

"सगळ्यांना सारखंच, सर?"

"सगळ्यांना," हेडमास्तर आवाज उतरवून म्हणाले. "साहेबांच्या मुलीची खास इच्छा आहे. तिच्यासाठी एवढं करायलाच हवं."