पिशव्यांचं टेंडर

मला फसवेल असा माणूस भोपाळच्या या पिपलानीत अजून जन्माला यायचाय! बावीस वर्षं कारखान्याच्या खरेदी विभागात काढलीत मी. दूधवाला 'साब, आज दूध बढ़िया है' म्हणाला, की मी विचारतो, "मतलब कल कैसा था?"

तर गोष्ट पिशव्यांची. मी मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी लोखंडी पेट्या बसवून घेतल्या. शनिवारी मी आणि बायको सिंधू पचमढीला जाणार होतो. भोपाळात येऊन आम्हाला बावीस वर्षं झाली. पुण्याचे झाडून सगळे नातेवाईक आमच्याकडे उतरून पचमढी बघून गेले. त्यांना दशम्या बांधून देणारी सिंधू तेवढी राहिली. या वेळी मात्र तिनं स्वेटरसुद्धा धुऊन ठेवले होते.

पेट्यांची झाकणं धूळ आत घेतात, म्हणून आत मापाच्या कॅनव्हासच्या पिशव्या हव्यात, असं मी जाहीर केलं. पिशवी उचलली की सामान बाहेर, पेटी गाडीवरच!

"मग मी शिवते की," सिंधू म्हणाली. "दोन दुपारचं काम."

"शक्य नाही! तू माझी बायको आहेस."

"त्याचं काय?"

"नातेवाईक! खरेदी अधिकाऱ्याच्या नातेवाइकाला काम देता येत नाही."

"अहो, पिशव्या आहेत. टर्बाइन नाही."

"सुरुवात पिशवीपासूनच होते!" मी म्हणालो आणि फूटपट्टी घेऊन अंगणात गेलो.

सायलेन्सरच्या बाजूची पेटी अरुंद, दुसरी रुंद. दोन्हींची मापं घेऊन मी दोन पानी तपशील टाइप केला. कापड, दोरा, टाक्यांची संख्या, बंदाची लांबी! आणि तीन ठिकाणांहून सीलबंद नमुने मागवले. एक, बाजारातला विश्वनाथ टेलर. दोन, शेजारच्या प्रमिलावहिनी. तीन, मागच्या ब्लॉकमधला हेमंत, ज्याची बायको शिवणाचे क्लास घेते.

विश्वनाथनं तपशील दोनदा वाचला. "साब, थैली बनानी है या मिसाइल?"

बघा! प्रश्न टाळतोय. मी वहीत नोंद केली.

गुरुवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिन्ही पाकिटं उघडली. साक्षीदार म्हणून प्रमिलावहिनींचे यजमान भालचंद्र. मी भिंग काढलं आणि पाचव्या मिनिटाला माझ्या कानशिलाची शीर उडायला लागली. तिन्ही जोड्यांना पिवळा दोरा! तिन्हींच्या कोपऱ्यांना एकसारखंच तिकोनी ठिगळ! आणि मापात? तिन्ही जोड्या अर्ध्या इंचानं लहान! तिघांनी वेगवेगळं शिवलं तर तिघांची चूक सारखी कशी?

"संगनमत!" मी ओरडलो.

भालचंद्राला एकदम खोकला आला. सिंधू स्वयंपाकघरात भांडी आपटायला लागली. मी तडक बाजारात जाऊन विश्वनाथला गाठलं.

"ये आपने सिला है?"

"घर का माल है, साब! एकदम घर का माल!"

"किसके घर का?"

तो नुसताच हसला आणि सुईत दोरा ओवायला लागला. हसणाऱ्या पुरवठादारावर माझा काडीचा विश्वास नाही.

घरी परतलो तर प्रमिलावहिनी आल्या होत्या. "भावजी, आता राहू द्या ना. शनिवार तोंडावर आलाय."

"अहो, एकदा पेटीत घालून तर बघा," सिंधू म्हणाली.

"नियमात बसत नाही!"

"नियमात राहू द्या. पेटीत बसते का ते बघा!"

पण मी ठाम होतो. त्याच संध्याकाळी पत्र टाइप केलं. अट एक: तिन्ही नमुने नामंजूर. अट दोन: तिन्ही पुरवठादार तीन वर्षं काळ्या यादीत, कोणताही व्यवहार बंद. अट तीन: नाकारलेला माल चोवीस तासांत स्वखर्चानं उचलून न्यावा. अर्थात पचमढी पुढे ढकलली.

सिंधूनं पत्र दोनदा वाचलं. "हे तिघांनाच लागू आहे का?"

"तिघांना, आणि ज्यानं कुणी प्रत्यक्ष शिवलं असेल त्यालाही! सोडतो की काय?"

"बरं," ती म्हणाली.

जगातल्या एकूण एक गोष्टीचा मला संशय येतो. त्या 'बरं'चा आला नाही!

शुक्रवारी कारखान्यातून आलो तर घराला कुलूप. खिडकीतून पाहिलं तर टेबल रिकामं. किल्ली भालचंद्राकडे, आणि किल्लीबरोबर सिंधूच्या अक्षरातली चिठ्ठी: 'अट क्रमांक तीननुसार नाकारलेला माल उचलला आहे. प्रत्यक्ष शिवणारी.'

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे काय, अच्युतराव! कॅनव्हास शिवेल असं मशीन अख्ख्या पिपलानीत सिंधूवहिनींकडेच आहे. विश्वनाथनं काम त्यांनाच दिलं, हेमंतनं त्यांनाच, आमच्या हिनंही त्यांनाच. तुम्ही कामावर असताना शिवत होत्या बिचाऱ्या."

"पण अर्धा इंच लहान का?"

"तुम्ही पेटी बाहेरून मोजलीत. सामान खडखडू नये म्हणून आतून जाड रबर कुणी चिकटवलं?"

मीच चिकटवलं होतं. अंगणात जाऊन पेटी आतून मोजली. पिशव्यांच्या मापाशी एका रेघेचा फरक नव्हता. तीन जोड्या, सहा पिशव्या, माझी बोलणी बसू नयेत म्हणून चोरून शिवलेल्या, आणि मी त्यांच्यावर भिंग धरून बसलो होतो! मला खरंच लाज वाटली.

"आणि आता ती आहे कुठे?"

"पचमढीला. सकाळच्या बसनं गेल्या, आमची हीपण गेलीय. कपडे सगळे त्या पिशव्यांत. फार सोयीच्या आहेत म्हणे."

मी धावत एसटीडी बूथ गाठला. आम्ही ठरवून ठेवलेल्या पचमढीच्या लॉजवर फोन लावला. बऱ्याच वेळानं सिंधूचा आवाज आला. मागे प्रमिलावहिनी खिदळत होत्या.

"सिंधू, मी उद्या मोटारसायकलनं येतो तिकडे!"

"कसे याल? काळ्या यादीतल्या माणसाशी तुम्हाला व्यवहार करता येत नाही."

"अगं, ती यादी मी मागे घेतो!"

"तोंडी नको. लेखी कळवा," ती म्हणाली. "तीन प्रतींत."

फोन खाली!

तेव्हापासून टाइपरायटरसमोर बसलोय. तीन कागद, मध्ये दोन कार्बन, सगळं जय्यत आहे. 'विषय' टाइप झाला, 'संदर्भ' टाइप झाला. अडलंय ते फक्त 'माझी चूक झाली' या वाक्यापाशी. बावीस वर्षांत खरेदी विभागात ते कधी लागलंच नव्हतं हो!