हार्लिंगनचा शोकपडदा

समुद्राशी भांडून मिळवलेल्या जमिनीवर हार्लिंगन नावाचं गाव आहे, तिथे मैंडर्ट नावाचा एक जावई राहायचा. बायको फेम्के, आणि सासू आल्ट्ये. गावातल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयवाल्यांचा संघ आहे, त्याची आल्ट्येबाई अध्यक्ष. बाई पडली, खुबा मोडला, आणि चालायला शिकवणाऱ्या शुश्रूषागृहात जाऊन बसली. जाताना आपली छोटी काचेची टाकी जावयाच्या खिडकीत ठेवून गेली. टाकीत एक गुलाबी प्रवाळ होतं, नवऱ्यानं मरायच्या आदल्या वर्षी तिला दिलेलं. "बाकी काही मेलं तरी चालेल," ती म्हणाली, "हे जगलं पाहिजे."

आठवड्याभरात मैंडर्टला दगडावर एक तपकिरी फूल दिसलं. इवलंसं, पाण्यात बोटं हलवणारं. त्याला वाटलं, आपल्या हाताला यश आलं. (आजवर त्याच्या हाताखाली निवडुंगसुद्धा टिकला नव्हता.) तो त्याला रोज माशाचा चुरा भरवू लागला. फेम्के म्हणाली, अरे, हे समुद्रफूल आहे, तण आहे, प्रवाळाला डंख मारून मारतं, खायला घालणं बंद कर. तेव्हा त्यानं ते चमच्यानं चिरडलं. प्रत्येक तुकड्यातून एक नवं फूल उगवलं.

औषध घालायचं तर प्रवाळ मरायचं. म्हणून दुकानदारानं नैसर्गिक उपाय दिला: फुलं खाणाऱ्या कोळंब्या, फक्त त्यांना उपाशी ठेवायचं. आता मैंडर्टसमोर कोणी उपाशी राहणं म्हणजे अवघडच. कोळंब्या काचेशी येऊन मिशा हलवायच्या, आणि हा फेम्केची पाठ वळली की हेरिंग माशाचा तुकडा टाकायचा. कोळंब्या गुबगुबीत झाल्या. उरलेल्या हेरिंगवर फुलंही. प्रवाळ मात्र आक्रसून बोराएवढं झालं.

त्या गल्लीत दिवसा कुणी पडदे ओढत नाही. येणारा-जाणारा खिडकीतून तुमचा चहा मोजून जातो, हीच रीत. पण संघाची माणसं रोज खिडकीवरून जायची, टाकीत डोकवायची. मैंडर्टला लाज वाटली, आणि एका सकाळी त्यानं पडदा ओढून घेतला.

हार्लिंगनमध्ये दिवसा पडदा ओढला याचा अर्थ एकच, घरातलं माणूस गेलं. आणि या घराचं आजारी माणूस एकच, आल्ट्येबाई.

दुपारी शेजारचा ओन्नो काळा कोट घालून आला. तोही संघातलाच. त्यानं मैंडर्टचा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं, "कसं झालं रे?"

मैंडर्टला वाटलं, टाकीचं गावभर कळलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्याच हातानं," तो म्हणाला. "खायला मीच घालत होतो. फेम्के सांगत होती, बंद कर. मी तिला चोरून घातलं."

ओन्नोनं हात सोडला. "पोलिसांना सांगितलंस?"

"पोलिसांना कशाला? आधी आईंना सांगायला नको?"

ओन्नो खुर्चीत बसला. तोवर दारात उरलेला संघ आला होता, बायका काळ्या कपड्यात, हातात केक. सगळे चालीप्रमाणे गोल करून बसले. ओन्नो एकेकाच्या कानाशी लागला, आणि केककडे कुणी हात नेईना. एवढ्यात फोन वाजला. फेम्केनं तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. पलीकडे आल्ट्येबाई होती.

"माझ्या नावाचं संघाचं पुष्पचक्र इथे पोचलं," ती म्हणाली. "पांढरी फुलं मला आवडत नाहीत हे कुणालाच ठाऊक नव्हतं का? मैंडर्ट, माझं प्रवाळ कसं आहे?"

 मैंडर्टनं पडदा सारला, टाकी सगळ्यांना दाखवली आणि सगळं कबूल केलं, हेरिंगसकट.  मग बाई म्हणाली, तिथे बसून केक खाणाऱ्यांपैकी कुणाकडे तरी त्या पांढऱ्या गोगलगायी असतीलच, ज्यांना या समुद्रफुलांखेरीज दुसरं काही गोड लागत नाही. आणि फोन ठेवला.

गोगलगायी ओन्नोकडेच होत्या. त्यानं त्या आणल्या, कोळंब्या उचलून नेल्या, नाहीतर त्यांनी गोगलगायींचाच फराळ केला असता. फेम्केनं हेरिंग कुलुपात ठेवलं. एकेक फूल नाहीसं झालं. आल्ट्येबाई काठी टेकत परत आली तेव्हा प्रवाळ पुन्हा तिच्या तळव्याएवढं उमललं होतं. ती टाकीपुढे बसली आणि जेवायची वेळ झाली तरी उठेना. मग म्हणाली, आता मी इथेच राहते. फेम्के रडली. मैंडर्टही रडला, कारण वेगळं असेल.

पण फुलं संपली आणि गोगलगायी उपाशी पडल्या. संघाची बैठक भरली. फुलं कुणी वाढवायची? आल्ट्येबाई म्हणाली, "इतकं जोमदार तण आपल्यात कुणाला जमलंय? मैंडर्टला द्या." एकमतानं ठरलं. माणसानं आयुष्यात पहिल्यांदा निवडणूक जिंकली. ओन्नोनं शोधून एक फूल आणून दिलं.

आता घरात सासू आहे, प्रवाळ आहे, सगळं सुखात आहे. मैंडर्टच्या खिडकीत एक स्वच्छ बरणी आहे, उजेड आहे, रोज वेळेवर ताजं हेरिंग आहे. आणि बरणीतलं ते एकुलतं एक फूल दिवसेंदिवस सुकत चाललं आहे.