उशीखालची गोळी

तेल्हाऱ्याला सासूबाईंच्या घरी रोडग्यांचा बेत होता आणि त्यासाठी वामनराव अमरावतीहून नवाकोरा सदरा घालून निघाले होते. बावीस वर्षांची रीत होती. गोवऱ्यांच्या आरात भाजलेला कणकेचा पहिला रोडगा थोरल्या जावयानं फोडायचा, सासूबाई तानुबाईंनी त्यावर तुपाची धार धरायची आणि धाकट्या जावयानं, म्हणजे अकोल्याच्या शेषरावानं, ते बघत बसायचं. हे बघणंच वामनरावांना तुपाहून गोड लागायचं.

पण आज अंगणात पाय ठेवतात तो काय! शेषराव पोट धरून खाटेवर आडवा. तानुबाई पदरानं वारा घालताहेत, आणि बसमधून उतरून पाच मिनिटं झाली नाहीत तोच वामनरावांची स्वतःची बायको वच्छला शेषरावासाठी ओवा भाजायला पळाली. वामनरावांना कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

"बसा जवाईबुवा," तानुबाई मान न वळवताच म्हणाल्या. "शेषरावायच्या पोटात लय कळा येऊन राह्यल्या. पयला रोडगा आज त्यायलेच फोडू द्या. बिचाऱ्यायले बरं वाटन."

वामनरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. बावीस वर्षांचा मान एका पोटदुखीपायी गेला!

शेषरावाची मुलगी अपेक्षा अकोल्यात औषधांचं दुकान चालवायची; तीही बापासोबत आली होती. तिनं डॉक्टरांना फोनवर विचारलं आणि पोटातली कळ थांबवणारी पन्नीतली गोळी बापाच्या हातावर ठेवली. "बाबा, घेऊन घ्या."

पोटदुखीनंच मान मिळत असेल, तर थोरल्या जावयाची पोटदुखी थोरलीच हवी. दहाव्या मिनिटाला वामनराव ओसरीवर कोसळले.

"वच्छले! मेलो वो! मुरडा आला! मलेई गोळी द्या!"

अपेक्षा आली, पण गोळी नाही, प्रश्न घेऊन. "मावसाजी, तुमाले काचबिंदू हाय काय?"

वामनराव दचकले. होता. दोन वर्षांपासून ते डोळ्यांत थेंब टाकत होते आणि वच्छलाला गुलाबपाणी म्हणून सांगत होते. शेषराव अजून चष्म्याशिवाय पेपर वाचायचा; त्याच्या कानावर हे जाणं म्हणजे मरणच.

"छ्या! नजर घारीची हाय माही."

"लघवी अडते काय?"

ओव्याची पळी हवेतच थांबली. सगळ्या बायका ऐकत होत्या.

"पोरी, लाज हाय का नाई तुले?"

"इचारा लागते जी. हे गोळी साऱ्यायले चालत नाई, काचबिंदूवाल्यायले तं बिल्कुल नाई. अन् मावशी म्हणते, तुमी डोळ्यात थेंब टाकता."

"गुलाबपाणी हाय ते."

"बाटली दाखवा."

"घरी राह्यली."

"मंग तुमाले ओव्याचं पाणी."

धाकट्याला डॉक्टरची गोळी आणि थोरल्याला ओव्याचं पाणी! शेषराव मोरीकडे गेला तेव्हा वामनराव फणफणत त्याच्या खाटेवर टेकले. उशी जरा सरकली, तर खाली पन्नीतली गोळी! 'म्हंजे याले दोन देल्ल्या आन् मले एकही नाई!' मागचापुढचा विचार न करता त्यांनी ती गिळून टाकली.

तासाभरात तोंडाला कोरड पडली, जीभ टाळूला चिकटली. आरातून रोडगे निघू लागले, पण रोडगा कोणता आणि गोवरी कोणती तेच वामनरावांना कळेना. सगळं धूसर झालं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नसते. आता इज्जत राखावी की डोळे?

"अपेक्षा," ते रडवेल्या आवाजात म्हणाले, "मले काचबिंदू हाय वो. अन् शेषरावाच्या उशीखालची गोळी म्या खाल्ली."

"अन् ते गुलाबपाणी?" वच्छला किंचाळली.

अपेक्षानं अकोल्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. "आत्ताच्या आत्ता आणा म्हणतात," ती म्हणाली, आणि मग एकदम बापाकडे वळली. "पण बाबा, म्या तर तुमाले एकच गोळी देल्ली होती. ते उशीखाली काहून होती?"

शेषराव खाटेवरून ताडकन उठला. पोटदुखीचं नावही नव्हतं.

"बावीस वर्सं!" तो ओरडला. "बावीस वर्सं यायले तूप खातानी पाहून राह्यलो मी! एक रोडगा मले फोडावा वाटला तं काय बिघडलं?"

तानुबाईंनी दोन्ही जावयांकडे आळीपाळीनं पाहिलं. "बह्याड हायत दोघंई," त्या म्हणाल्या. "शेषराव, गाडी काढा अन् न्या यायले अकोल्याले. पोरी, घे, फोड तू."

गाडी फाटकातून निघताना शेषरावाला दिसलं, आणि धूसर का होईना, वामनरावांनाही दिसलंच. अपेक्षाच्या हातात पहिला रोडगा, आणि त्यावर तुपाची ही एवढी धार!

अकोल्यात डॉक्टरांनी वामनरावांची हनुवटी यंत्रावर टेकवून डोळ्यातलं प्रेशर मोजलं. "चोवीस. वाढलंय, पण वेळेवर आलात. दुसऱ्याची गोळी पुन्हा घ्यायची नाही, आणि औषध देणाऱ्यानं विचारलं तर खरं सांगायचं."

वामनरावांनी सुस्कारा सोडला. मागच्या स्टुलावर शेषराव खाकरला.

"किती म्हणाले यायचं? चोवीस?" त्यानं वामनरावांना हलकेच बाजूला सारलं आणि आपली हनुवटी यंत्रावर टेकवली. "माहं पाहा बरं डॉक्टरसाहेब. पंचवीसच्या खाली नसन."