आधी आडनाव, मग नाव

बायकोच्या दवाखान्याचा प्रोग्राम मी स्वतः लिहिलाय, हे मी पाहुण्यांना कोणी न विचारता सांगतो. (बायको तेव्हा विषय बदलते.) ती दातांची डॉक्टर. तळमजल्यावर तिचा दवाखाना, काउंटरवर सासूबाई आणि वरच्या मजल्यावर लॅपटॉपसमोर मी. हल्ली पेशंट इतके वाढले होते, की जुन्या पेशंटचं नाव पडद्यावर सापडेपर्यंत त्याची दाढ दुखायची थांबायची. परवा सकाळी सासूबाई जिन्यातून शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, तुमचा प्रोग्राम पुन्हा विचारात पडलाय."

हे जरा लागलं. म्हटलं, आत्ताच्या आत्ता इंडेक्स टाकतो. तोही साधासुधा नाही, नाव आणि आडनाव असे दोन रकाने जोडून! म्हणजे पेशंट त्या क्रमाने लावून ठेवायचे, कॉम्प्युटरला सगळा ढीग उपसायला नको. डेटाबेसमध्ये असे बदल करणाऱ्या फाइलला मायग्रेशन म्हणतात. ती मी लिहिली आणि ऐन गर्दीत चालवली.

डेटाबेसने पेशंट लावायला घेतले आणि तोवर नव्या नोंदी बंद केल्या. खाली गाल धरून बसलेल्यांची रांग जिन्यापर्यंत आली. बायकोचा फोन आला.

"तू काही केलंस का?"

"थोडी सुधारणा केली."

"ती मागे घे."

मागे घेईपर्यंत ती पूर्ण झाली. नोंदी सुरू झाल्या, पण शोध तसाच रखडत होता. मी गुपचूप खाली जाऊन सासूबाईंच्या मागे उभा राहिलो. त्या नुसतं आडनाव टाइप करत होत्या, आणि मी पठ्ठ्याने सगळं गाव पहिल्या नावाने लावून ठेवलं होतं! आडनावाने शोधणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य.

दुपारी दवाखाना बंद असताना (शिकतो मी, हळूहळू) दुसरं मायग्रेशन चालवलं. जुना इंडेक्स काढला, नवा टाकला. आधी आडनाव, मग नाव.

संध्याकाळी सासूबाईंनी आडनाव टाइप केलं आणि बोट उचलायच्या आत पेशंट पडद्यावर हजर. दुसरा, तिसरा, तसेच. रांग अशी सरकली, की एका गृहस्थांनी खुर्चीत टेकण्याआधीच तोंड उघडलं. मी कॉलर नीट करून काउंटरपाशी घुटमळत राहिलो. अखेर बायको बाहेर आली आणि म्हणाली, आज सगळं इतकं भराभर कसं काय?

"मी कधीची सांगत होते," सासूबाई म्हणाल्या, "माऊस खराब आहे. दुपारी नवा आणला."

बायकोने माऊस हातात घेऊन कौतुकाने पाहिला. मग माझ्या हातात दिला. मीही पाहिला. चांगला होता.