इमामभाईंचे साडेसातचे टायर

इमामभाई गिरणीवाले माणसाला सलाम करायच्या आधी त्याच्या गाडीच्या पोटाखाली बघत. लोहाऱ्याच्या स्टँडवर येस्टी येऊन थांबली की ड्रायव्हर खाली उतरायच्या आत हे पुढच्या चाकापाशी उकिडवे बसलेले असत. एक डोळा मिटायचा, उजव्या हाताची वीत गाडीखाली घालायची, वितीवर बोटं मोजायची आणि मान हलवत उठायचं.

"वीत आन् दोन बोटं," ते जाहीर करत. "माकणीच्या वाटंला न्हाय चालायची."

येस्टी माकणीला जात नव्हती. जायचा तिचा विचारही नव्हता. पण त्यानं इमामभाईंच्या निकालात फरक पडत नसे.

एकदा जिल्ह्याहून कुणी मोठे साहेब मोटारीनं आले. गाव हार घेऊन उभं, आणि इमामभाई मोटारीखाली. साहेबांना वाटलं, कुणी गाऱ्हाणं घेऊन चाकाखाली आडवा पडलाय. पोलीसपाटलानं पाय धरून ओढून काढलं, तर इमामभाईंनी आधी टोपी सारखी केली, साहेबांना सलाम केला आणि कळवळून म्हणाले, "साहेब, बाकी समदं झ्याक हाय. पन पोट लई खाली हाय. पोट वर पायजे."

साहेब अंगानं भरलेले होते. मोटारीबद्दल बोलणं चाललंय हे त्यांना पटवायला सरपंचांना बराच वेळ लागला.

मी तेव्हा लोहाऱ्याच्या शाळेत नवा मास्तर होतो. आमचा मुलूख मुंबई राज्यात येऊन दीड-दोन वर्षं झाली असतील. कचेरीतल्या उर्दू पाट्या उतरून मराठी चढल्या होत्या, आणि जुने कारकून मराठी सह्या गिरवून शिकत होते. माझी खोली इमामभाईंच्या गिरणीला लागून होती. सकाळी सातला त्यांचं ऑइल इंजिन सुरू झालं की माझ्या भिंतीवरचा आरसा थरथरायचा आणि दाढी करताना मला माझे दोन-दोन चेहरे दिसायचे.

इमामभाई पन्नाशीला आलेले, उंचीनं बेताचे, अंगानं काटक. भुवयांवर कायम पीठ. ते झटकलं की खालून दुसरं पांढरं निघायचं, ते मात्र वयाचं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी, जैतून, माकणीला दिली होती. घरात ते एकटेच.

आणि त्यांची जीप. लष्करानं वापरून टाकलेली ही जीप त्यांनी सोलापूरच्या लिलावातून आणली होती. जीप रानावनात, डोंगरात न्यायची गोष्ट, पण इमामभाई ती रोजच्या वापराला ठेवत. घरापासून गिरणी हाकेच्या अंतरावर, तरी जीपनं. मशिदीत जीपनं. न्हाव्याकडं जीपनं. कोथिंबीर आणायलासुद्धा जीपनं. जेवढ्या वेळात जीप सुरू व्हायची तेवढ्या वेळात माणूस कोथिंबीर घेऊन परत आला असता.

एका उन्हाळ्यात सोलापूरहून मालाच्या ट्रकवर चार टायर आले. काळे, खरबरीत, अंगावर बोट बोट खोल खाचा असलेले. इमामभाईंनी ते गिरणीच्या भिंतीला ओळीनं उभे केले आणि मला बोलावलं.

"मास्तर, हात लावून बघा. साडेसात-सोळा. जीपला कंपनीचे येतात सहा-सोळा. भोक तेच सोळा इंची, पन अंग बघा हेचं."

"पण जीपला हे बसतील का?"

"बसत्यात म्हंजे? बसवायचे."

दोन दिवस गिरणी बंद होती. लोक दळणाचे डबे घेऊन यायचे, बघत उभे राहायचे आणि डबे तिथंच ठेवून परत जायचे. जुनी चाकं निघाली, नवी चढली. जीप हातभर उंच झाल्यासारखी दिसायला लागली. प्रत्यक्षात ती दोनच बोटं उंच झाली होती. मी मोजलं, कारण मला मोजायला लावलं. बापाचे जोडे घालून लहान पोर उभं राहावं तशी ती दिसत होती. गावानं लगेच सांगून टाकलं, इमामभाईच्या जीपला साडेसाती लागली.

तसं थोडंफार झालंच. सरळ रस्त्यावर जीप बरी चाले, पण वळताना टायर मडगार्डला घासून असा कर्र आवाज करायचा की बाजारातली गुरं दावं तोडायची. त्यावर इमामभाईंनी उपाय काढला, एकदम पूर्ण वळायचंच नाही. थोडं वळायचं, मागं यायचं, पुन्हा थोडं वळायचं. मशिदीच्या कोपऱ्यावर त्यांचं हे पुढं-मागं चाललं की नमाजाला निघालेली म्हातारी माणसं जीपला मागं टाकून आत पोचायची. स्टेअरिंग इतकं जड झालं की पंधरा दिवसांत त्यांचे दंड दुखायला लागले. ब्रेक आधी विचार करून मग लागायचा. आणि स्टेपनी राहिली होती जुनी, सहाचीच. एकदा सास्तूरच्या बाजारातून येताना मागचं चाक पंक्चर झालं, तेव्हा ती लावून जीप एका कुशीवर कलंडल्यासारखी गावात आली. मी शेजारी बसलो होतो. सगळी वाट मी इमामभाईंच्या अंगावर घसरत होतो आणि ते मला पुन्हा पुन्हा उचलून जागेवर ठेवत होते.

पण त्यांचा आनंद वेगळ्याच गोष्टीत होता. एक दिवस ते शाळेत आले आणि वर्ग चालू असताना दारातूनच म्हणाले, "मास्तर, सास्तूर जवळ आलं."

मी खडू खाली ठेवला. त्यांचं म्हणणं असं की जीपच्या मीटरवर सास्तूरचे मैल आता पहिल्यापेक्षा कमी भरतात. मी फळ्यावर दोन वर्तुळं काढली. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त जमीन काटतं, मीटर बिचारं फेरेच मोजतं, असं मुलांना आणि त्यांना एकदमच समजावलं.

"म्हंजे जमीन तीच, पन फेरे कमी."

"बरोबर."

"मग माकणी किती जवळ आली? तेवढं करून द्या."

मी आकडेमोड केली. पाऊण मैल. त्यांचा चेहरा असा उजळला की मी गप्प बसायला हवं होतं. पण मास्तर पडलो. म्हणालो, "इमामभाई, माकणी आहे तिथंच आहे."

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

श्रावण लागला. चार-पाच दिवस पाऊस लागून राहिला आणि मग उघडला. मला माकणीच्या शाळेत काही कागद पोचवायचे होते. इमामभाईंना कळलं तसे ते सकाळीच दारात आले. दाढी केलेली, धुतलेला पायजमा, आणि त्या दिवशी भुवयांवर पीठ नव्हतं.

"चला मास्तर. म्या बी जातोय. जैतूनला आनायची हाय. सातवा सरत आला. बाळंतपन हितंच."

मागच्या बाजूला गादी घातली होती, दोन उशा ठेवल्या होत्या आणि वर ताडपत्री बांधली होती.

आमच्याकडची काळी माती भिजली की ती जमीन राहत नाही. पाय ठेवला की धरून ठेवते, उचलला की निम्मी बरोबर येते. पण जीप चालत होती. पहिला ओढा आला, इमामभाईंनी चारी चाकांना जोर देणारी दुसरी दांडी टाकली, आणि पाणी कापत जीप पलीकडं चढली. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. नुसतं म्हणाले, "पोट वर हाय."

माकणी दोन मैलांवर राहिली तेव्हा जीपचा आवाज बदलला. इंजिन ओरडत होतं आणि चाकं फिरत नव्हती. आम्ही उतरलो. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये माती ठासून बसली होती, भिंत लिंपावी तशी. इमामभाईंनी पहार घेऊन ती खरवडली. चारी चाकांची खरवडली. जीप दहा पावलं गेली आणि पुन्हा जाम झाली. पुन्हा खरवडली. या वेळी पाच पावलं.

तिसऱ्या वेळी त्यांनी पहार खाली ठेवली आणि मडगार्ड आणि टायर यांच्यात बोट घालून बघितलं. बोट जेमतेम गेलं.

"सहाचे असते तर हितं हात गेला असता," ते म्हणाले. "माती पडून गेली असती. म्या मातीला जागाच ठेवली न्हाय, मास्तर."

मला हसू आलं नाही. ते जीपच्या पायरीवर बसले आणि बाभळीच्या एका झाडाकडं बोट केलं.

"चार वर्सं झाली. त्या बाभळीपाशी बसली होती ही. तवा सहाचे टायर होते. पोटावर बसली, चाकं हवेत. जैतूनचा सांगावा आल्ता. पहिली खेप तिची. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या, अब्बाला म्हनावं गाडी घिऊन या, उमरग्याच्या दवाखान्यात न्या. म्या निघालो. आन् हितं बसलो."

"मग?"

"मग काय? बैल येतील, गाडी निघंल, मग नेऊ, आसं म्हनत दिस मावळंस्तवर हितंच बसलो. दोन मैल. तासाभराची वाट. चालत जाता आलं असतं." त्यांनी जीपच्या पत्र्यावर हात ठेवला. "गाडी नवी होती. म्हैनाबी झाला नव्हता आनून. सोडवंना. कुनी काय काढून नेलं तर, आसं वाटलं. बैल आले, गाडी निघाली ती घराकडं तोंड करून, तसाच घरी गेलो. सकाळी निरोप आला. पोरगी वाचली. लेकरू न्हाय."

त्यांनी पहारीला चिकटलेली माती बोटानं काढली.

"म्या गेलो असतो तर वाचलं असतं आसं न्हाय, मास्तर. सुइनीनं बी सांगितलं, ते आधीच गेल्तं. पन ती दाराकडं बघत होती. दिसभर बघत होती. शेजारनीनं सांगितलं मला. तिनं सोता कदी सबूद काढला न्हाय."

मग ते उठले. जोडे काढून सीटवर ठेवले, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला.

"इमामभाई, गाडीचं काय?"

"ऱ्हाऊ द्या."

किल्ली जीपलाच होती. ती काढून घ्या म्हणून मी सांगितलं, पण तोवर ते वीसेक पावलं पुढं गेले होते. रोज कोथिंबिरीला जीपनं जाणारा माणूस त्या चिखलातून इतक्या भराभर चालत होता की मला पळावं लागलं. दोनदा ते पडले. एकदा मी पडलो तेव्हा मागं वळून न बघता हात तेवढा दिला.

पुढचं सगळं नीट झालं. दुसऱ्या दिवशी जैतून बैलगाडीतून, त्याच गादीवर, लोहाऱ्याला आली. दिवाळीच्या आधी गिरणीमागच्या खोलीत तिला मुलगी झाली आणि आठवडाभर गावाचं दळण थांबलं. साडेसातचे टायर इमामभाईंनी त्याच महिन्यात उतरवले. पण मला राहून राहून आठवतं ते त्या दुपारचं.

जैतून दारातच होती. पोट सांभाळत चौकटीला धरून उभी. चिखलानं माखलेली दोन माणसं येताना दिसली, त्यातलं एक आपला बाप आहे हे तिला पटायला एक क्षण लागला. मग तिनं आमच्या मागच्या वाटेकडं बघितलं. घरात ते दखनी बोलत.

"पैदल आए, अब्बा?"

"हौ."

जावई आतून आला. त्याला सगळं मी सांगितलं. तो म्हणाला, बैल जुंपतो, आत्ता जाऊन जीप काढून आणू. इमामभाई म्हणाले, "कल देखेंगे," आणि ओट्यावर बसले.

जैतूननं कळशी आणली. मी नको नको म्हणत असताना ती बापाच्या पायांशी जड अंगानं खाली बसली आणि पाणी घालून एका पायाचा चिखल काढायला लागली. तो सहज निघत नाही. ती बोटांनी खरवडत होती आणि ते तिच्या डोक्याकडं बघत होते. मग एकदम त्यांनी विचारलं,

"उसका नाम क्या रखनेवाली थी, बेटी?"

तिचा हात थांबला. कुणाचं नाव, हे तिनं विचारलं नाही. वरही बघितलं नाही.

"नाम तो तुमीच रखनेवाले थे, अब्बा."

"यूसुफ," ते म्हणाले.

"यूसुफ," जैतून स्वतःशीच म्हणाली. मग कळशी जवळ ओढून तिनं दुसऱ्या पायावर पाणी घातलं.