उघड्या तोंडाचा पाठिंबा

डॉक्टर नार्दू मांगिऑन यांना एका गोष्टीचं भारी कुतूहल वाटायचं. राजधानीत, वालेट्टाला, संसदेत ते बोलायला उभे राहिले, की पहिल्या वाक्यालाच समोरच्या बाकांवरून कुणीतरी हरकत घ्यायचं. स्वतःच्या पक्षातली मंडळीसुद्धा घड्याळाकडे बघायला लागायची. तेच भाषण त्यांनी गावात बोलून दाखवलं, की एकही माणूस विरोध करत नसे. विषय रहदारीचा असो, तोडलेल्या झाडांचा असो, नाहीतर समुद्रकिनारा अडवणाऱ्या खुर्च्यांचा असो, गाव शांतपणे ऐकून घ्यायचं आणि शेवटी 'आं' म्हणायचं.

नार्दू दिवसा दातांचे डॉक्टर आणि संध्याकाळी खासदार. आमच्याकडे खासदारकी अशीच करतात, दुकान बंद झाल्यावर. हाल तुफ्फीह गावातल्या जवळजवळ प्रत्येक जबड्यात त्यांचा हात जाऊन आलेला होता. संसदेत जे बोलायचं ते आधी खुर्चीवरच्या पेशंटला ऐकवायचं, ही त्यांची पद्धत. लोकप्रतिनिधीने लोकांना विचारून बोलावं, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. आणि ते विचारायचेही. एका हातात आरसा, दुसऱ्यात ड्रिल, पेशंटच्या गालात कापसाचे बोळे, ओठावर थुंकी ओढणारी नळी लटकलेली, आणि डॉक्टर विचारायचे, "काय, पटतंय ना?"

त्या मंगळवारी खुर्चीवर लेली ग्रिक्स्टी होता. गोदीतून निवृत्त झालेला, पिंपासारखा माणूस, आणि गावच्या संताचा उत्सव पार पाडणाऱ्या आमच्या संत लिओनार्द बँड क्लबचा अध्यक्ष. उत्सवाच्या आठवड्यात सकाळी आठला जे आतषबाजीचे बार उडतात, ते उडवण्याचा हुकूम लेलीचा. त्या बारांवरच संसदेत विधेयक आलं होतं. डॉक्टरांना ते मनापासून हवं होतं, कारण मागल्या उन्हाळ्यात एक बार नेमका फुटला तेव्हा त्यांचं ड्रिल एका बाईच्या दाढेत होतं.

"मला सांग लेली, सकाळी आठला धडाडधूम करून संताला काय मिळतं? तो काय झोपलाय?"

"आं."

"तेच म्हणतो मी. दहानंतर उडवा, हवे तेवढे उडवा. बरोबर ना?"

"आं, आं."

"दोनदा कशाला सांगतोस, एकदा म्हणालास तरी पोचलं."

लेलीच्या डोळ्यांत पाणी आलं. विषय त्यालाही लागलाय, असं डॉक्टरांना वाटलं. त्यांची मदतनीस चेन्सा म्हणाली, "डॉक्टर, त्यांना जरा थुंकू द्या." पण डॉक्टरांना अजून एक गोष्ट काढायची होती, आणि ती काढताना त्यांचा आवाज उतरला.

"आणि लेली, यंदा त्या पुढच्या उजव्या खांद्याचं बघ. बाबांची जागा होती ती."

संताची मूर्ती देवळातून चौकात नेताना दांडीला पुढून उजवीकडे खांदा देणं म्हणजे आमच्या गावात खासदारकीपेक्षा मोठी गोष्ट. नार्दूंच्या वडिलांनी ती जागा मरेपर्यंत सांभाळली होती. त्यांच्यानंतर ज्याला मिळाली त्याचा गुडघा आता गेला होता. लहानपणी नार्दू त्या दांडीखालून बाबांच्या पांढऱ्या झग्याची बाही धरून चालले होते. ती जागा त्यांना हवी होती, अगदी लहान मुलाला हवी असते तशी हवी होती. आणि जागा द्यायची की नाही, हे ठरवणार होता लेली.

"आं," लेली म्हणाला. डॉक्टर खूश झाले. त्यांनी दातात तात्पुरतं सिमेंट भरलं आणि उरलेलं काम पुढच्या आठवड्यावर टाकलं.

गुरुवारी संसदेत डॉक्टर रंगात आले. "अध्यक्ष महाराज, मी माझ्या गावाशी बोललोय. एकाचाही विरोध नाही."

समोरून एक सदस्य उठले. "गावाशी म्हणजे कुणाशी? सन्माननीय सदस्यांनी नावं घ्यावीत."

नावं घ्यायला डॉक्टरांना काय अडचण? त्यांनी घेतली. आधी फादर आंज, मग स्वतःच्या सासूबाई, आणि सगळ्यांत शेवटी, हुकमाचा एक्का म्हणून, बँड क्लबचे अध्यक्ष लेली ग्रिक्स्टी. हे सगळं टीव्हीवर चालू होतं, आणि बँड क्लबमधला टीव्ही भिंतभर मोठा आहे. लेलीचा ग्लास ओठांपाशीच थांबला. क्लबमधला प्रत्येक माणूस हळूहळू त्याच्याकडे वळला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच लेलीच्या बाल्कनीखाली एक बार उडाला. हिवाळाभर खपून हे बार बनवणाऱ्या पोरांनी त्याला ओळख दाखवणं सोडलं. समोरच्या रस्त्यावरच्या विरोधी बँड क्लबने त्याला मोठा केक पाठवला, वर साखरेच्या अक्षरांत 'मनापासून आभार' लिहून. त्या केकने उरलीसुरली अब्रू घालवली. रविवारी समितीची बैठक ठरली. विषय एकच, लेलीचा राजीनामा.

इकडे डॉक्टरांच्या घरी त्यांची बायको रोमिना कालवणात चमचा फिरवत होती. "नार्दू, लेली तुला हे बोलला कधी?"

"मंगळवारी. खुर्चीवर."

"तेव्हा त्याच्या तोंडात काय होतं?"

"बोळे. नळी. थोडा माझा हात."

चमचा थांबला. "आणि फादर आंज?"

"त्यांच्या कवळीचं माप घेत होतो."

"म्हणजे ते गुलाबी लगदा भरून ठेवतोस ते? आणि माझी आई?"

डॉक्टर पावाचा तुकडा मोडत बसले.  रोमिनाने सावकाश विचारलं, "तू मला लग्नाचं विचारलंस, तेव्हा मी कुठे होते रे?"

"तुझी अक्कलदाढ काढत होतो," डॉक्टर म्हणाले आणि त्यांचं त्यांनाच काहीतरी उमगायला लागलं.

शनिवारी दवाखान्यात कुणी तोंड उघडेना. उघडत होते, पण फक्त बोलायला. एक आजीबाई खुर्चीत बसल्या, पर्स छातीशी धरली आणि म्हणाल्या, "आधी माझं ऐकायचं, मग मी आ करणार. बसथांब्याला सावली नाही. झाडांबद्दल तुम्ही बोललात त्यातलं मला काही पटलेलं नव्हतं. आता बघा काय बघायचं ते." त्यांच्यामागे रांग होती, आणि रांगेतल्या प्रत्येकाकडे डॉक्टरांच्या जुन्या भाषणांवर काही ना काही म्हणणं होतं. गावात इतकी मतं राहतात, हे डॉक्टरांना ठाऊकच नव्हतं. ते स्टुलावर बसले आणि चकित होऊन ऐकत राहिले.

सगळ्यांत शेवटी लेली आला. त्याचा गाल सुजला होता.

"बस की," डॉक्टर म्हणाले.

"नाही बसत. बसलो की मी कायद्याला पाठिंबा देतो."

"अरे, सूज बघ किती आलीय."

"सुजेचं मागून बघू. उद्या मला क्लबातून काढतायत. चाळीस वर्षं त्या क्लबात काढली मी. आजच्या आज क्लबात येऊन सांग, की लेली असं काही म्हणालाच नाही. आणि सोमवारी तिकडे संसदेत पण सांग."

"लेली, तसं सांगितलं तर सगळी संसद हसेल मला."

"हसू दे. माझ्याकडे तर कुणी बघतही नाही."

 डॉक्टर हळूच म्हणाले, "आणि खांद्याचं? ते तू हो म्हणाला होतास."

"मी 'थांब, दुखतंय' म्हणालो होतो," लेली म्हणाला.

डॉक्टरांना मनापासून वाईट वाटलं, लेलीबद्दल आणि स्वतःबद्दलही. त्याच संध्याकाळी ते क्लबात गेले आणि सगळ्यांदेखत कबुली दिली. समितीने राजीनाम्याचा विषय सोमवारपर्यंत पुढे ढकलला, कारण जे टीव्हीवर बिघडलं ते टीव्हीवरच निस्तरलं पाहिजे, असं सर्वांचं मत पडलं.

सोमवारी डॉक्टर उभे राहिले. "अध्यक्ष महाराज, मला खुलासा करायचा आहे. मी ज्या गृहस्थांचा पाठिंबा सांगितला, त्यांच्या तोंडात त्या वेळी माझा हात होता."

 समोरचे तेच सदस्य उठले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं कुतूहल होतं. "सन्माननीय सदस्यांचं रहदारीवरचं भाषण? त्याला गावाचा पाठिंबा होता म्हणाले होते."

"तेव्हाही हात होता."

"आणि झाडं?"

"झाडांच्या वेळी मी एका बाईंना दातांचा ब्रिज बसवत होतो."

दोन्ही बाजूंची बाकं हसायला लागली. अध्यक्ष महाराज चष्मा काढून डोळे पुसत होते. संसदेत आपलं बोलणं इतकं लक्ष देऊन कुणी ऐकल्याचा डॉक्टरांचा तो पहिलाच अनुभव होता, आणि खरं सांगायचं तर त्यांना तो आवडला. विधेयक मात्र पुढच्या अधिवेशनावर गेलं.

लेली वाचला. मंगळवारी तो उरलेलं रूट कॅनल करून घ्यायला खुर्चीत बसला, तर डॉक्टरांनी अवाक्षर काढलं नाही. थोड्या वेळाने लेलीनेच त्यांचा हात बाजूला सारला. "बोल की काहीतरी. इतका गप्प असलास की भीती वाटते."

"नाही बोलत. मला सवय मोडायची आहे."

लेलीने त्यांच्याकडे बघून घेतलं. तोंड पुसून तो उठला आणि दारापाशी थांबून म्हणाला, "पांढरा झगा धुऊन ठेव. पुढचा उजवा खांदा तुझा." डॉक्टरांनी मान फिरवली आणि उगाच सगळे आरसे पुन्हा एकदा धुतले.

उत्सवाच्या पहिल्या संध्याकाळी देवळाची दारं उघडली. डॉक्टर झगा घालून दांडीखाली उभे होते, बाबांच्या जागी. बँड सुरू झाला. मूर्ती उचलणार तेवढ्यात लेली आला आणि त्याने कुब्बैतचा भलामोठा तुकडा त्यांच्या तोंडात घातला. कुब्बैत म्हणजे उत्सवात विकतात ती बदामाची कडक, चिवट मिठाई. तिने आजवर डॉक्टरांचं घर चालवलं होतं. "ताकद येते," लेली म्हणाला. "तुझे बाबाही खायचे." मग त्याने इशारा केला, आणि संत लिओनार्द खांद्यावर आले.

वजन भयंकर होतं. एक हात दांडीवर, दुसरा थांबल्यावर दांडी टेकवायच्या काठीवर, आणि वरचे दात खालच्या दातांना घट्ट चिकटलेले. पहिल्याच वळणावर फादर आंज शेजारून चालू लागले. "देवळाच्या छताला सरकारी मदत हवी, नार्दू. तू संसदेत बोलशील ना?"

"आं."

"देव तुझं भलं करो," फादर म्हणाले आणि मागे राहिले. त्यांची जागा बसथांब्याच्या आजीबाईंनी घेतली. मग सासूबाई आल्या आणि ऑगस्टभर राहायला येते म्हणाल्या. सगळ्यांनी शेवटी तेच विचारलं, पटतंय ना, आणि डॉक्टरांच्या चिकटलेल्या तोंडातून प्रत्येकाला तेच उत्तर गेलं. गाव आपल्याशी इतकी वर्षं एकमताने का वागत होतं, हे त्यांना त्या रस्त्यावर पावलापावलाने समजत होतं.

चौक जवळ आला. मूर्तीपुढे उलटं चालत वाट दाखवणारा लेली एकदम त्यांच्या तोंडासमोर आला.

"उद्यापासून बार आठऐवजी सातला उडवावे म्हणतो. तुझा दवाखाना उघडायच्या आत सगळं आटपेल. बरोबर ना?"

डॉक्टरांनी जिवाच्या आकांताने 'नाही' म्हणून मान हलवायचा प्रयत्न केला, पण मानेशेजारी दांडी होती. "आं! आं!"

"दोनदा कशाला सांगतोस," लेली म्हणाला, "एकदा म्हणालास तरी पोचलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पहिला बार उडाला तेव्हा डॉक्टर अंथरुणात ताडकन उठून बसले आणि त्यांनी बोलायला तोंड उघडलं. रोमिनाने डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"झोप," ती म्हणाली. "काल तूच हो म्हणालायस. गावाने ऐकलंय."