बाभळीवरचा क्वार्टरबॅक

मी कुणाच्या बापाला भीत नाही! हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे वाचताना तुमच्या मनात भलते विचार यायला नकोत. मराठी चौथीत असताना मास्तरांना भर वर्गात "तुमचं गणित चुकलं" असं सांगून शाळेबाहेर पडलेला मी माणूस. इंग्रजी शिकलो ती वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून. त्यामुळे माझं इंग्रजी मध्येच फाटतं आणि त्याला थोडा हळदीचा वास येतो. पण ते माझं आहे! कुणाच्या पाया पडून आणलेलं नाही!

लढाईच्या शेवटच्या वर्षी आमच्या गावाला लागून माळावर अमेरिकन पलटणीचा तळ पडला, तेव्हा याच इंग्रजीच्या जोरावर मी तिथे दुभाषी झालो. आमच्या डोक्यावर हेडक्लार्क शामकांतराव. बी. ए. झालेले. चष्म्याची काच सोडाबाटलीच्या बुडाएवढी जाड. मी नुसतं तोंडाने बोललेल्या वाक्यालासुद्धा लाल शाईने खूण करता आली असती तर या गृहस्थाने केली असती!

त्या चैत्रात आमच्या छगनमामाचा सर्जा बैल दावं तोडून तळात शिरला आणि कर्नलसाहेबांनी पाणी घालून घालून वाढवलेला कोबीचा वाफा त्याने सकाळच्या न्याहारीला खाल्ला. झालं! बैल जप्त! सोमवारी लिलाव!

आता बघा हं. पलटणीच्या लॉऱ्यांनी आमच्या निम्म्या गावाची ज्वारी तुडवली, त्याचा कागद महिनोन्महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो आहे. आणि बैलाने कोबी खाल्ला त्याचा निकाल एका दिवसात! याला न्याय म्हणतात!

मामा घरी आला आणि डोक्याचं मुंडासं काढून बसला.

"रंग्या, नांगरट तशीच पडलीया. जोडीचा राजा एकला काय करल? शेण टाकल नुसतं!"

"मामा, काळजी करू नकोस," मी म्हणालो. "उद्या साहेबाला इंग्रजीत असा झाडतो की तो स्वतः बैल घरी आणून बांधेल!"

"झाडू नगंस बाबा. बैल सोडीव."

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी मामाला घेऊन कॅप्टन डॉलनच्या तंबूत गेलो. साहेब डोकं धरून बसला होता. समोर तीन फोटो आणि तीन अहवाल. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "रंगा, आज बैलाचं काढू नकोस. माझाच जीव टांगणीला लागलाय!"

त्याचा प्रकार असा. तिकडे अमेरिकेत एक फुटबॉल आहे. नाव फुटबॉल आणि खेळ सगळा हाताने! चेंडूसुद्धा गोल नाही, सोललेल्या नारळासारखा लांबट. एक गडी तो चेंडू घेऊन मागे उभा राहतो, त्याला म्हणायचं क्वार्टरबॅक. समोरून रेड्यांसारखी माणसं त्याच्या अंगावर येतात. ती पोचायच्या आत याने लांब पळणाऱ्या आपल्या गड्याच्या हातात चेंडू फेकायचा. कॉलेजात हे काम चांगलं केलं तर पुढे क्लब पगारावर ठेवतात. म्हणजे तिकडे कॉलेज करून माणूस चेंडू फेकतो, आणि आमच्याकडे शामकांतराव होतो!

डॉलनसाहेबाच्या चुलत्याचा असा एक क्लब होता. त्याने पुतण्याकडे तीन क्वार्टरबॅकांचे कागद धाडले होते आणि आज संध्याकाळपर्यंत तारेने कळव म्हटलं होतं, तिघांतला कोण घ्यावा? पुतण्या पूर्वी हा खेळ खेळलेला. निवड बरोबर आली तर लढाईनंतर क्लबात नोकरी.

हीच संधी! मी छाती पुढे काढली. "साहेब, हा माझा मामा काष्टीच्या बैलबाजारातला सगळ्यात मोठा पारखी आहे! याने हात लावल्याशिवाय श्रीगोंद्यापर्यंत कुणी खोंड घेत नाही! तुमचे तीन त्याला दाखवा. खरा निघाला तर बैल सोडा!"

साहेब इतका टेकीला आला होता की त्याने फोटो मामापुढे सरकवले. कोपऱ्यात शामकांतराव खोकले. "रंगनाथ, माणसं आणि बैल यांत काही फरक असतो."

"असतो तर! बैल लाल शाई वापरत नाही!"

मामाने फोटो उन्हात धरले. पहिला गडी उंच, देखणा, केस तेल लावून बसवलेले. अहवाल म्हणत होता, याच्यासारखा फेकणारा देशात नाही, याचा संघ कधी हरलेला नाही.

"ह्येचे कपडे बगा," मामा म्हणाला. "खेळ झाल्यावरचा फोटू हाय ना? मग चिखल कुटं हाय?"

मी अहवाल वाचून सांगितलं. याच्यापुढे सोबतीचे गडी इतके दांडगे होते की याच्या अंगाला कधी कुणी शिवलंच नव्हतं.

"मंग कसं कळनार? सावलीत बांदल्याला खोंड चांगलाच दिसतो. औताला जुपल्यावर बसला म्हंजी?"

तिसऱ्याचा फोटो मामाने बघितला न बघितला आणि उलटा ठेवला. "ह्यो आपल्या जोडीदाराकडं बगतच न्हाई, फोटूवाल्याकडं बगतुया."

दुसरा गडी बुटका. नाक मोडून एका बाजूला गेलेलं, एक कान चुरगळलेला. संघ सारखा हरणारा. अहवालात लिहिलं होतं, अंगावर येणारी माणसं याला दिसतच नाहीत, नजर अधू असावी. पडता पडतासुद्धा चेंडू मात्र गड्याच्या हातात.

"ह्योच!" मामा म्हणाला.

"अशक्य!" साहेब उसळला. "सगळे पेपर पहिल्याचं नाव घेतात!"

"पेपरवाले औत धरत्यात व्हय?" मामाने विचारलं. मी याचं भाषांतर केलं नाही. शामकांतरावांनी केलं. मेल्याने!

साहेब लाल झाला. मामा थंडच. मग तो हळूच म्हणाला, "सायेब, कागदावर कुनी बैल घेतो का? चालवून बगाया पायजे. फेकनाऱ्याच्या अंगावर कायतरी आलं पायजे ना? मंग माझा सर्जा हायेच की तुमच्याकडं! आना त्याला!"

साहेबाने अर्धा मिनिट विचार केला आणि मांडीवर थाप मारली. अमेरिकन माणसाचं असं आहे, नोकरीपेक्षा गंमत मोठी!

"पण पहिल्या गड्याच्या जागी कोण उभा राहणार?" साहेब म्हणाला. "उंच, रुबाबदार, कुणाला न भिणारा..."

आता तुम्हीच सांगा, हे वर्णन कुणाचं आहे?

"मी!" मी गरजलो.

"आणि झेलायला?"

"शामकांतराव!" मी पुन्हा गरजलो. अशी संधी जन्मात एकदाच येते!

शामकांतराव "अहो, मी... फाईल..." करत होते, पण हुकूम तो हुकूम. त्यांनी धोतराचा सोगा खोचला. साहेब म्हणाला, चष्मा फुटेल, काढून ठेवा. त्यांनी चष्मा काढून खिशात घातला आणि तंबूच्या खांबालाच विचारलं, "कुठे उभं राहू?"

बाहेर, तळाच्या फाटकासमोर, मामाने स्वतः आमच्या जागा लावल्या. "रंग्या, तू हितं. फाटकाला पाठ करून. जरा इकडं सरक. हां, बराबर मधी! क्लार्कसाहेब, तुमी चार पावलं पुढं, जरा अंगाला."

तिकडून दोन शिपायांनी सर्जाला आणलं. रात्रभर सरकारी गवत खाऊन तो चांगलाच तुकतुकीत झाला होता. माझ्या हातात चेंडू. पलटण भोवती जमलेली. मी एक हात कमरेवर ठेवून उभा राहिलो. फोटोतल्या पहिल्यासारखा.

मामाने जिभेने टाळू वाजवली. "टॉक!"

सर्जाने कान टवकारले, शेपूट वर केली आणि सुटला! अहो, बैल पाठीमागून बघायची आपल्याला सवय. समोरून बघितला तर तो बैल राहत नाही, आगगाडी होते! तिचे दोन दिवे माझ्या बेंबीच्या रोखाने यायला लागले!

"फेक!" साहेब ओरडला.

मी फेकला. कुठे, ते विचारू नका. डोळे मिटलेले होते. उघडले तेव्हा मी फाटकाशेजारच्या बाभळीवर होतो. कसा चढलो ते आजतागायत मला माहीत नाही. त्या काटेरी झाडावर माकडसुद्धा चढत नाही!

चेंडू सरळ आभाळात गेला होता. तो खाली आला तो शामकांतरावांच्या छातीवर. त्यांनी त्याला मिठी मारली. सर्जा त्यांच्यापासून दोन हातांवर!

"शामकांतराव, बैल!" मी झाडावरून बोंबललो.

"इकडे फेक!" साहेब बोंबलला.

दोन बोंबांतली शामकांतरावांनी वरिष्ठांची ऐकली. शांतपणे आवाजाच्या रोखाने वळले, हात मागे नेला आणि चेंडू असा सोडला की तो गिरक्या घेत तीस पावलांवरच्या साहेबाच्या पोटात जाऊन बसला! सर्जा त्यांच्या धोतराला वारा घालून निघून गेला. हा माणूस जागचा हलला नाही!

पलटणीने टोप्या उडवल्या. साहेब धावत आला. "तुम्हाला भीती नाही वाटली?"

शामकांतरावांनी खिशातून चष्मा काढून पुसला, घातला, आणि विचारलं, "कशाची? बैल सोडला का?"

साहेब थबकला. मग त्याने धावत जाऊन दुसऱ्याचा अहवाल उचलला. "दिसतच नाहीत! अंगावर येणारे दिसतच नाहीत, म्हणून तर तो फेकू शकतो! हा दोष नाही, हाच गुण आहे!" आणि तिथल्या तिथे मोडक्या नाकाच्या नावाची तार शामकांतरावांकडून लिहून घेतली. अर्थातच लाल शाईने.

आणि सर्जा? तो माझ्या रिकाम्या झालेल्या जागेवरून, फाटकातून, माळ ओलांडून थेट मामाच्या गोठ्यात! मामा मागून सावकाश तंबाखू मळत निघाला. बाभळीखाली थांबून त्याने वर बघितलं.

"मामा," मी कण्हत म्हणालो, "असला मारका बैल कशाला पाळतोस?"

"मारका? सर्जा? आरं, टाळू वाजवली की त्यो घरला जातो, धाकला व्हता तवापास्नं! त्येच्या वाटंत तू हुतास. मीच उभा केल्ता. फाटकावरचे शिपाई तुझी गंमत बगाया पुढं आले, फाटक मोकळं झालं."

"म्हणजे पारख वगैरे..."

"ती बी खरीच. मोडक्या नाकाचा चांगला हाय."

बैल परत मागवायचा का, असं शामकांतरावांनी साहेबाला विचारलं. हसून हसून साहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तो म्हणाला, जाऊ द्या, कोबी मी कर्नलला दुसरा आणून देईन.

मी उतरेपर्यंत मामा खालीच उभा होता. गिऱ्हाईक उठल्यावर बाजारातल्या जनावराकडे बघावं तसं त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"अंगानं बरा हायेस. दातानं बी बरा. पन रंग्या, औताचा न्हाईस तू. गळ्यात घुंगरं बांदून मिरवायचा हायेस."

मी त्याला असं सडेतोड उत्तर देणार होतो की विचारता सोय नाही! पण त्यासाठी आधी खाली बसून विचार करायला हवा होता, आणि बसणं पुढे आठ दिवस शक्य नव्हतं. ही हकीकतसुद्धा मी पहिल्यांदा लिहिली ती उभ्यानेच.